अकराच्या आधीची सही

माणसं खुशीत येतात अशा ठिकाणी किस्से फारसे साठत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मिठाईच्या दुकानात कसले आलेत किस्से! पण उद्या फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे आणि आज स्क्रीनवर लाल अक्षरात काहीतरी उमटलंय, अशा वेळी माणूस फोन उचलतो ना, तेव्हा तो जे बोलतो ते विसरता येत नाही. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "मी काही केलं नाही हं!" मग दोन मिनिटांनी हळूच कळायचं, काय काय केलंय ते. हैदराबादच्या त्या ऑफिसातून मी असे इतके किस्से घेऊन आलोय की पुण्यात मित्र जमले की अजून कुणीतरी म्हणतंच, "सहीवाले किस्से काढ रे."

आधी धंदा सांगतो. त्या वर्षांत सरकारने कंपन्यांचे फॉर्म आणि ठेकेदारांची टेंडरं कागदाऐवजी कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केली होती. कागदच नाही तर सही कुठे करणार? म्हणून डिजिटल सर्टिफिकेट आलं. बोटाएवढ्या, पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एका वस्तूत माणसाची सही बसवलेली असायची. तिला टोकन म्हणायचे. टोकन कॉम्प्युटरला लावायचं, पासवर्ड टाकायचा, झाली सही. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात निम्मी टोकनं पहिल्या दिवशी कॉम्प्युटरला दिसायचीच नाहीत, आणि ती दिसायला लावणं ही माझी नोकरी होती. माझे वर्गमित्र शहराच्या दुसऱ्या टोकाला काचेच्या इमारतींमध्ये अमेरिकेसाठी प्रोग्रॅम लिहायचे. मी आबिड्सला, लिफ्ट बंद असलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर लोकांच्या सह्या बसवायचो. आई शेजाऱ्यांना सांगायची, "सॉफ्टवेअरमध्ये आहे."

ऑफिसात आम्ही तिघं. मी मंदार. टेलिफोन आणि फाइली सांभाळणाऱ्या सुजाताताई. माहेर मराठी, सासर तेलुगू, त्यामुळे भांडण कुठल्याही भाषेत आलं तरी त्यांच्याकडे जायचं. आणि मालक नरहरराव जोशी, आमचे काका. हैदराबादेतल्याच नल्लकुंट्याचं जुनं घराणं. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, स्वतः काका कोर्टातून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेले. पांढरा बुशशर्ट, खिशाला शाईचं पेन, आणि मराठी असं की पहिले दोन महिने मला वाटायचं हे माझी चेष्टा करतात. "कायकू घाबरायलास? होऊन जाईल!" असं ते म्हणाले की गिऱ्हाइकाआधी मीच शांत व्हायचो.

आता गंमत अशी की, ही बिनकागदाची सही मिळवायला आधी कागदावर शाईने सही लागायची! अर्ज भरायचा, फोटो चिकटवायचा, सही करायची. त्याच्याखाली एक चौकट होती, "अर्जदाराने माझ्यासमोर सही केली." तिथे काकांची सही. मग अर्ज कुरियरने चेन्नईच्या कंपनीत जायचा. तिथे काकांची सही त्यांच्याकडच्या नमुन्याशी ताडून बघायचे, आणि जुळली तरच सर्टिफिकेट यायचं. एजन्सी काकांच्या एकट्याच्या नावावर होती. म्हणजे आमचं सगळं ऑफिस त्या एका सहीवर उभं होतं.

सही होतीही तशीच. उंच न, मग एका दमात सगळं नाव, शेवटच्या अक्षरातून मागे वळून आलेली एक सरळ रेघ, आणि रेघेखाली दोन ठिपके. चौतीस वर्षं कोर्टाच्या कागदांवर ती सही पडली आणि कुणी कधी विचारलं नाही की ही कुणाची.

*

पहिला किस्सा मोटारीचा.

एक ड्रायव्हर तीन जिने चढून आला. हातात भरलेला अर्ज, त्यावर मालकांच्या सह्या आधीच केलेल्या. "साबनं सह्या केल्यात. तुम्ही खाली तुमची करून द्या."

बाकीचे एजंट असेच करायचे. अर्ज पोस्टाने यायचे, "माझ्यासमोर" म्हणून सही करायचे, पुढे पाठवायचे. काकांनी अर्ज परत सरकवला. "मैं देखा नहीं."

"साब नीचे गाडी में बैठे हैं."

"तो मैं नीचे आता."

आणि काका खरंच उठले! एप्रिलची दुपार. मागून मी शाईचं पेन घेऊन. खाली मोठी गाडी, आत एसीमध्ये मोठे साहेब. काकांनी काचेवर टकटक केलं, साहेबांना उन्हात बाहेर काढलं, सगळ्या सह्या खोडायला लावल्या आणि बॉनेटवर नव्याने करायला लावल्या. साहेब इतके चकित झाले होते की चिडायचं विसरले. मग काकांनी त्याच बॉनेटवर अर्ज ठेवून खाली आपली सही केली.

न उंच आला. पुढचं नाव मात्र डुगडुगत गेलं, आणि रेघ, ती सुप्रसिद्ध सरळ रेघ, शेवटपर्यंत थरथरत राहिली.

माझ्याकडे न बघता काका म्हणाले, "इंजिन चालू आहे ना गाडीचं. म्हणून हाललं."

ड्रायव्हर माझ्या शेजारी उभा होता. साहेब उतरताच त्याने गाडी बंद केली होती, किल्ली त्याच्या हातात होती.

*

सुजाताताईंबद्दल माझी एक तक्रार होती. खालच्या हॉटेलातून चहाची किटली यायची, ताई कपात ओतायच्या, आणि काकांना नेहमी अर्धा कप द्यायच्या. आम्हाला पूर्ण, गिऱ्हाइकांना पूर्ण, आणि मालकाला अर्धा! मला वाटलं काकूंनी काहीतरी पथ्य सांगितलं असेल.

मोटारीच्या किश्श्यानंतर आठवड्याभराने तो अर्ज चेन्नईहून परत आला. वर शिक्का, "सत्यापकाची सही नमुन्याशी जुळत नाही." सत्यापक म्हणजे काका. सोबत छापील पत्र होतं. असे आणखी अर्ज परत आले तर एजन्सीचा फेरविचार करण्यात येईल.

काकांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. मग कप उचलला. कप बशीवर वाजत होता, वाजत वरपर्यंत गेला, पण चहा सांडला नाही. अर्धाच होता ना!

मी ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "वर्ष झालं, मंदार. तुला आत्ता दिसलं?"

मला फार लाज वाटली. ड्रायव्हरच्या गहाळ फाइली मी पाच मिनिटांत शोधायचो, कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरच्या म्हणतोय मी. आणि समोर बसलेल्या माणसाचा हात मला दिसला नव्हता.

*

डॉक्टरांचं औषध सकाळी साडेआठला. त्यानंतर दोन-अडीच तास काकांचा हात अगदी पहिल्यासारखा चालायचा. अकरा वाजले की हळूहळू थरथर परत यायची. म्हणून काकांनी दारावर पाटी लावली. "सहीसाठी सकाळी अकराच्या आधीच यावे." इंग्रजीत आणि तेलुगूत. कारण लिहिलं नाही.

कारण लिहिलं नाही की लोक स्वतः शोधतात!

आमचे एक गिऱ्हाईक होते, रस्त्यांचे ठेकेदार रेड्डी गारू, गारू म्हणजे आपलं साहेब. पूर्वी टेंडर टाकायचं तर पेटीपाशी दंड फुगवून माणसं उभी असायची, आता ते सगळं गेलं म्हणून रेड्डी गारू डिजिटल सहीवर फार खूश होते. त्यांनी पाटी वाचली, घड्याळ बघितलं, पावणेदहा वाजले होते, आणि समजल्यासारखी मान हलवली. सही केली. पुढच्या महिन्यात त्यांना टेंडर लागलं.

झालं! राव गारूंकडे, म्हणजे आमच्या नरहररावांकडे, मुहूर्त बघून सही होते, ही बातमी सगळ्या ठेकेदारांत पसरली. लोक आंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून साडेनऊला जिन्यात उभे राहायला लागले. विजयवाड्याहून एकाने फोन करून विचारलं, मंगळवार चालेल का. कळस म्हणजे समोरच्या इमारतीतल्या दुसऱ्या एजंटानेही पाटी लावली, अकराच्या आधीच यावे! त्याचा हात ठणठणीत होता.

मी आणि ताई पोट धरून हसलो. काका हसले, पण जरा वेळाने म्हणाले, "मी कुणाला खोटं बोललो नाही. पण गप्प बसायलो, हे बी खोटंच झालं ना?"

आम्ही दोघं एकदम कामाला लागलो.

*

सिकंदराबादच्या एका छापखान्याचा किस्सा. सर्टिफिकेट बसवलं तर स्क्रीन म्हणते, हे सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. मी गेलो. वायर बघितली, ब्राउझर बघितला, तासभर घालवला, आणि मग सहज कोपऱ्यातल्या घड्याळाकडे नजर गेली. कॉम्प्युटरवर तारीख चार वर्षांपूर्वीची!

"सेल गेलाय घड्याळाचा," मी म्हणालो आणि तारीख बदलायला गेलो, तर ऑपरेटर ओरडलाच, "अय्यो, हात नका लावू!"

प्रकरण असं होतं. त्यांनी तेलुगू टायपिंगचं एक सॉफ्टवेअर तीस दिवस फुकट वापरायला आणलं होतं. तिसावा दिवस आला की ऑपरेटर तारीख मागे न्यायचा. चार वर्षं त्या छापखान्यात तोच महिना चालू होता! लग्नपत्रिका छापल्या जात होत्या, माणसं म्हातारी होत होती, कॉम्प्युटर मात्र तिथेच.

छापखान्याच्या मालकांनी थोडा विचार केला आणि मला म्हणाले, "असं करू. सहीपुरते आजच्या तारखेला येतो. सही झाली की परत जातो."

आणि त्यांनी पुढची सगळी वर्षं तसंच केलं.

ऑफिसात येऊन मी हे साभिनय सांगितलं. ताईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. काका पेनाचं टोपण लावत होते. दोन-तीनदा प्रयत्न करून ते लागलं. मग म्हणाले, "मंदार, ते सॉफ्टवेअर मला बी आणून दे रे. चार वर्षं पुरे मला."

*

जुन्या शहरातल्या खानसाहेबांचा किस्सा त्या मानाने सरळ आहे. तेव्हा एक नियम होता. ज्या कॉम्प्युटरवरून सर्टिफिकेट मागवलं, त्याच कॉम्प्युटरवर ते उतरवून घ्यावं लागायचं. अर्धी सही त्या कॉम्प्युटरच्या पोटात बसलेली असायची. हे मी सगळ्यांना दोन-दोनदा सांगायचो.

खानसाहेबांनी लक्षात ठेवलं होतं! फक्त त्यांनी सर्टिफिकेट इंटरनेट कॅफेतून मागवलं होतं. तिथे सारखे दिसणारे आठ कॉम्प्युटर.

"कौनसा था, खानसाब?"

"टूटे हत्थे की कुर्सी वाला," ते ठामपणे म्हणाले.

मोडक्या हाताची खुर्ची सापडली. तिच्यासमोरच्या कॉम्प्युटरवर काही नाही. मग कॅफेवाल्याने सावकाश सांगितलं की खुर्च्या रोज झाडताना हलतात. मी पहिल्यापासून सुरुवात केली. सातव्या कॉम्प्युटरच्या पोटात खानसाहेबांची सही निघाली. मी ती टोकनमध्ये घेतली, त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं की आता तुमचा आणि या कॉम्प्युटरचा काही संबंध नाही.

खानसाहेबांना ते पटेना. कॅफेवाल्याशी घासाघीस करून त्यांनी तो सातवा कॉम्प्युटर विकतच घेतला, मॉनिटरसकट, आणि ऑटोत घालून घरी नेला. मी समजवायला गेलो तर म्हणाले, "मियां, मेरी सही इसमें बैठी थी. इसकू पराए लोगों में छोडके कैसे जाऊं?"

काकांना हा किस्सा सगळ्यात आवडायचा. ते म्हणायचे, त्या शहाण्या माणसाला सही म्हणजे काय ते कळलंय.

*

दसऱ्याला तिकडे आयुधपूजा जोरात. रेड्डी गारूंकडून फोन, टोकन दिसत नाही. मी गेलो तर कॉम्प्युटरला झेंडूची माळ, माउसजवळ लिंबू, आणि टोकनच्या धातूच्या तोंडात हळदकुंकू ठासून भरलेलं! त्यांच्या आईने पूजा केली होती. मी ब्रश आणि स्पिरिट घेऊन अर्धा तास ते तोंड साफ करत बसलो, आणि म्हातारी माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी देवाचं निर्माल्य गटारात टाकतोय.

शेवटी टोकन लावलं, हिरवा दिवा लागला. रेड्डी गारूंनी माझे आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि सगळं घर माना डोलवायला लागलं. मी ऐकलं तसं फोनवर ताईंना म्हणून दाखवलं आणि विचारलं, काय म्हणाल्या त्या?

"त्या म्हणतात, बघा, पूजा केली म्हणून लागलं!"

*

हा किस्सा मी फारसा सांगत नाही.

एकदा दुपारी बारा वाजता एक जोडपं आलं. दोन दिवसांनी त्यांची शेवटची तारीख. कुरियर दोनला जाणार. काकांनी त्यांची सही समोर करून घेतली, पेन हातात घेतलं, आणि ठेवून दिलं. त्या महिन्यात आणखी एक अर्ज परत आलेला होता. "उद्या सकाळी करतो," ते म्हणाले. जोडपं रडायच्या बेताला.

ताईंनी काकांना आतल्या खोलीत बोलावलं. मीही गेलो. ताईंच्या हातात एक पाकीट होतं आणि पाकिटाच्या पाठीवर काकांची सही. उंच न, सरळ रेघ, दोन ठिपके. हुबेहूब! शेजारी तशाच आणखी दहा-बारा.

"काका, तुम्ही बघितलंय ना त्यांना सही करताना? मग खालची मी केली तर काय बिघडलं?"

काकांनी पाकीट उजेडाला धरलं. "माझ्यापेक्षा चांगली करायलीस तू," ते म्हणाले, आणि त्यात राग नव्हता. कौतुक होतं. "पण बेटा, वर काय लिहिलंय? माझ्यासमोर. मी म्हणजे मी."

बाहेर येऊन त्यांनी त्या जोडप्याला पूर्ण चहा पाजला आणि त्याच हाताने, थरथरतच, सही केली. तो अर्ज देवाच्या कृपेने पास झाला. पाकीट मात्र त्यांनी फाडलं नाही. टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

*

आता शेवटचा.

चेन्नईहून पत्र आलं. आमचे अधिकारी येऊन तुमच्या सहीचा नवा नमुना समक्ष घेतील. जुळला तर ठीक, नाहीतर एजन्सी रद्द. मंगळवारी सकाळी दहा वाजता.

सकाळी दहा! मला तर नाचावंसं वाटलं. ताईंनी काकूंना दोनदा फोन करून औषधाची वेळ पक्की केली. काका साडेनऊला इस्त्रीचा बुशशर्ट घालून हजर. एका कोऱ्या कागदावर त्यांनी सही करून बघितली. दोन ठिपके, जागच्या जागी. काकांनी कागद आमच्याकडे फिरवला, आणि शाळेतल्या पोराने पाटी दाखवावी तसा त्यांचा चेहरा होता.

दहा वाजले. साडेदहा. सव्वाअकराला ताईंनी सिकंदराबाद स्टेशनला फोन केला, तर चेन्नईची गाडी अजून वाटेतच. बारा झाले, एक झाला. अधिकारी जिना चढून वर आला तेव्हा तीन वाजले होते.

विशीतलाच असेल, फारतर पंचविशीतला. सकाळपासून जेवलेला नव्हता. मी म्हणालो, आज विश्रांती घ्या, उद्या सकाळी करू. त्याची संध्याकाळची परतीची गाडी होती. मी म्हणालो, प्रिंटर बिघडलाय. तो म्हणाला, छापील फॉर्म आणलाय. मी आणखी काहीतरी बोलणार होतो, पण काकांनी हात वर केला. तो हात हवेत थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

"मंदार, बस्स. घे रे बाबा तुझा फॉर्म," ते म्हणाले.

तीन चौकटी, तीन सह्या. काकांनी पेनाचं टोपण काढायला मला दिलं नाही. पहिल्या चौकटीत न वाकडा आला. रेघ नागमोडी गेली, चौकटीबाहेर जाऊन परत आली. ठिपके दोनाऐवजी चार पडले. दुसरी तशीच. तिसरीला त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, मग सोडून दिलं, आणि होईल तशी केली. ताई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मला रडू येत होतं आणि ते मी लपवू शकलो नाही.

अधिकाऱ्याने त्याच्याजवळचा जुना नमुना काढला. त्याच्याकडे बघितलं, नव्याकडे बघितलं.

काका इंग्रजीत म्हणाले, अगदी कोर्टातल्यासारखे सावकाश, "माझा हात कापतो. वर्षाहून जास्त झालं. सही माझीच आहे आणि मी तुमच्यासमोर केली आहे. तुम्ही जे पाहिलं तेवढंच लिहा."

त्या पोराने फॉर्म स्वतःकडे ओढला. मग त्याने स्वतःचं पेन काढलं आणि खाली लिहिलं, "माझ्यासमोर सही केली," आणि सही ठोकली. वर लिहिलं, हाच यापुढचा नमुना. आणि जुना नमुना फाडून टाकला.

एजन्सी वाचली! ताईंनी त्याला घरचा डबा काढून दिला. जाताना तो काकांच्या पाया पडला.

दोन आठवडे आम्ही आनंदात होतो. तिसऱ्या आठवड्यात कुरियरचा जाडजूड लिफाफा आला. आत आमचे सहा अर्ज, सहाच्या सहा परत. सगळे सकाळी दहाच्या आत केलेले. सहीत उंच न, सरळ रेघ, दोन ठिपके. वर शिक्का:

"सत्यापकाची सही नमुन्याशी जुळत नाही."

मी वाचून दाखवलं. मग काका हसायला लागले. आधी नुसतेच खांदे हलले, मग आवाज आला, मग चष्मा काढावा लागला. ताई हसल्या, मी हसलो, खालचा चहावाला काय झालं म्हणून वर आला. काकांनी डोळे पुसले, खुर्चीवरून उठले आणि दारावरची पाटी स्वतः काढली. "सुजाता," ते म्हणाले, "कप पूर्ण भर आज." चहा बशीत सांडला, बुशशर्टावर सांडला, उरलेला त्यांनी चवीने प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला जिन्यात पावलं वाजली. रेड्डी गारू धाकट्या भावाला घेऊन आले होते, त्याचंही सर्टिफिकेट काढायचं होतं. दोघंही आंघोळ करून, कपाळाला कुंकू, हातात देवळातल्या प्रसादाची केळी. पाटी नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, समाधानाने अर्ज काकांच्या पुढ्यात ठेवला आणि पेन पुढे केलं.

काकांनी पेन घेतलं नाही. उजवा हात टेबलाच्या काचेवर पसरून ठेवला. हात अगदी स्थिर होता.

"अभी नक्को, रेड्डी गारू," काका म्हणाले. "अभी हाथ बहुत अच्छा है. तीन बजे के बाद आना."